तानामावशीनं धुतलेली सीट

गडमुडशिंगी,
रविवार, दुपार

प्रिय प्रसेन,

सप्रेम जय भीम.

परवा तुझा फोन मी मध्येच ठेवला. राग धरला नसशील असं समजून लिहिते. तू एकसारखा बोलत होतास आणि मला एक वाक्यही मध्ये घालता येत नव्हतं. लहानपणी तू इतका बोलायचा नाहीस, दारात कुणी आलं की आईच्या मागं लपायचास. मला किडनी दिल्यापासून तुझा आवाज वाढलाय, आणि खरं सांगू, तो हक्क तुला आहे. पण तू म्हणालास, "ताई, त्या घाणेरड्या बसनंच तुला दवाखान्यात घातलं." त्याचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं. आज वाचनालय बंद आहे. जेवले, गोळ्या घेतल्या, मास्क काढून आपल्या घरात मोकळी बसले आहे. तू निवांत असशील तेव्हा वाच. ऑफिसात वाचू नकोस.

बस घाणेरडी होती, हे आधीच मान्य करते. ऑपरेशननंतर तू मला पुण्यात तुझ्या फ्लॅटवर ठेवलंस, सकाळ-संध्याकाळ फरशी पुसून घेतलीस, येणाऱ्या-जाणाऱ्याला दारातच साबण हातात दिलास. त्या घरातून मी होळीनंतर इकडं परत आले आणि कामावर जायच्या पहिल्या दिवशी सकाळच्या बसमध्ये पाय ठेवला, तेव्हा मलाही वाटलं होतं की तुझं ऐकायला हवं होतं. खिडकीखालच्या पत्र्यावर थुंकीचे ओघळ वाळून तांबडे पट्टे झाले होते, जुन्यावर नवे. सीटच्या फटीत शेंगांची टरफलं आणि गुटख्याच्या पुड्या. पुढच्या सीटची दांडी धरली की हात चिकटायचा. मागच्या बाजूला कुणाला तरी उलटी झाली असणार, तिच्यावर माती टाकली होती आणि ती माती तशीच राहिली होती. त्या मातीत लोकांच्या चपलांचे ठसे उमटले होते. मी उभ्या उभ्या शहरात गेले आणि वाचनालयात पोचल्यावर कोपरापर्यंत हात धुतले.

दुसरा इलाज नव्हता, हे तुलाही माहीत आहे. स्कूटरला डॉक्टरांनी अजून परवानगी दिली नाही. फाट्यावर सकाळी मिळते ती वडापची जीप, तीत माणसं एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी बसतात. आणि घरात बसून राहणं मला जमत नाही. माझ्या शरीरानं तुझी किडनी परकी समजून हाकलून देऊ नये म्हणून ज्या गोळ्या घेते, त्या माझ्या अंगातली सगळी राखणदारीच झोपवून ठेवतात. दुसऱ्याला नुसती शिंक आणणारी गोष्ट मला आडवी करू शकते. म्हणून मी माझी पद्धत बसवली. पर्समधून स्पिरिटची बाटली काढायची, सीटवर फवारायचं, पाठ आणि दांडी पुसायची, घरून आणलेली चादरीची घडी टाकायची आणि मग बसायचं. कुणाकडं बघायचं नाही. लोक बघायचे, ते मला पाठीला कळायचं. कॉलेजच्या पोरी एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. फौंड्रीत कामाला जाणारा आकाराम आहे, तोंडात कायम तंबाखू, आवाज अख्ख्या बसला पुरेल एवढा. तो एकदा म्हणालाच, "पावणं, राणीसाएबांचा पलंग घाला की कुणीतरी." सगळे हसले. मीही मास्कच्या आत हसले, पण ते कुणाला दिसलं नाही.

आता तानाबाईचं सांगते. तू तिला पाहिलं असशील, पण ओळखत नसशील. मळ्याकडं राहते, घरची शेती आहे. सकाळी मेथी-पोकळ्याच्या पेंढ्या पाटीत घालून शहरात भाजी विकायला बसते. वय सत्तरीच्या आसपास, पण पाटी दुसऱ्याला उचलू देत नाही. सगळी बस तिला मावशी म्हणते. एकदा बस भरली होती. मला धाप लागलेली बघून मावशी आपल्या जागेवरून उठली, "बस बाई, आजारी दिसतीस," म्हणाली. मी आभार मानले. आणि सवयीनं पर्समधून बाटली काढली आणि ती उठली त्याच जागेवर फवारली, तिच्या डोळ्यांदेखत.

मावशी बघत राहिली. मग शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "का गं? मी बसल्याली जागा इटाळली व्हय?"

पुढच्या सीटवरच्या माना मागं वळल्या. आपलं घर कुठल्या गल्लीत आहे, आपण कोण, हे त्या बसमधल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. मावशीलाही माहीत आहे. शब्द तोंडातून गेल्यावर तिच्याही ध्यानात आलं असावं, कारण तिनं पदर तोंडाशी नेला. मला हसावं की रडावं कळेना. हा शब्द आपल्या घरात कुणी उच्चारत नाही, आणि तो मला कुणी विचारावा, असा विचारावा.

तुला आई आठवली असणार. मलाही त्या क्षणी तीच आठवली. आई बसमध्ये बसायची नाही. बस रिकामी असली तरी दांडी धरून उभी. तू तिच्या पदराला लोंबकळत म्हणायचास, "आई, बस की," आणि ती म्हणायची, "हितं वारं चांगलं लागतंय." खरं कारण तिनं आपल्याला फार उशिरा सांगितलं. लग्न होऊन नवीन आली होती, बसमध्ये एका बाईशेजारी बसली. त्या बाईनं विचारपूस केली, कुणाची कोण म्हणून. उत्तर ऐकल्यावर ती लुगडं गोळा करून उठली आणि उतरेपर्यंत उभी राहिली. भांडली नाही, बोलली नाही. आई म्हणायची, बोलली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर आई बसली नाही. हे ऐकलंस त्या वर्षीच तू पुण्याला गेलास, आणि आता येतोस ते स्वतःच्या गाडीनं, थेट दारापर्यंत. मी त्याबद्दल तुला कधी काही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही.

मी मास्क खाली घेतला. तसा घ्यायचा नसतो, पण झाकलेल्या तोंडानं हे सांगणं मला बरं वाटेना. म्हटलं, "मावशी, तुमचं काही नाही. माझ्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. माझ्या भावानं त्याची एक मला दिली. ती टिकावी म्हणून औषधं घेते, त्यांनी मला कसलाही आजार लगेच होतो. मी माझ्या भावाची वस्तू सांभाळतेय, दुसरं काही नाही."

 मावशीनं नुसतं विचारलं, "धाकला का थोरला?" मी म्हटलं, धाकटा. तिनं मान हलवली आणि खिडकीतून बाहेर बघत उभी राहिली. तिच्या थांब्यावर पाटी घेऊन उतरली, मागं वळून बघितलं नाही. मला वाटलं, संपलं. पुढचे काही दिवस ती बसमध्ये दिसली नाही आणि मी माझं पुसणं चालू ठेवलं.

मग एका सकाळी मी फाट्यावर पोचले तर बस येऊन थांबलेली होती. ती शहरातून येते आणि परत फिरायच्या आधी जरा वेळ उभी असते. दारातून पाण्याचा ओघळ खाली येत होता, फिनेलचा वास दूरवर येत होता. वर बघते तर तानामावशी. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात खराटा, शेजारी बादली. माझ्या नेहमीच्या सीटपुढं ती खाली गुडघ्यांवर बसली होती आणि सीटच्या फटीत बोटं घालून घाण काढत होती. संयोगिता, आपल्या बसची कंडक्टर, तिकिटाचं मशीन हातात घेऊन दारात उभी. ती म्हणत होती, "मावशी, गाडी सुटायची वेळ झाली." मावशी म्हणाली, "सुटू दे की. न्हाय कोण म्हणतंय? पाय वर घे तेवढा." आणि संयोगितानं खरंच पाय वर घेतला.

मी पायरीवरच थांबले. मावशीनं पदरानं सीट कोरडी केली, हात फिरवून बघितला, परत पुसली. मला बघून म्हणाली, "वाळंस्तवर थांब. वल्यावर बसू नगंस, गारवा बाधंल."

प्रसेन, मी काय सांगू. तिथं काही मोठं घडत नव्हतं. एक म्हातारी बसची सीट धूत होती. पण मला पायरी चढवेना. आपल्या आईच्या वयाची बाई, ज्या घरांनी आपल्याला अंगणाबाहेर ठेवलं त्या घरांपैकी एका घरातली, माझ्यासाठी जागा धूत होती आणि ती वाळायची वाट बघत होती. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. तिला घाई होती, भाजी सुकत होती.

त्यानंतर जे होत गेलं ते कुणी ठरवून केलं असं मला वाटत नाही. सभा झाली नाही, पाटी लागली नाही. मावशी रोज बादली आणायची. मग संयोगितानं खालचा पत्रा झाडणं आपल्याकडं घेतलं. कॉलेजच्या त्याच पोरी खिडक्या पुसायला लागल्या, "मावशी, तू बस, मी करतो," म्हणत. आकारामनं एकदा सवयीनं खिडकीतून पिंक टाकली तर मावशी म्हणाली, "भाईर टाकलीस, पर वारं आत येतंय न्हवं?" तो चिडला, "मग काय गिळू व्हय?" मावशी म्हणाली, "गीळ की. तुझ्या पोटाला बाधतंय, तर हिला बाधायचं न्हाय व्हय?" दुसऱ्या दिवसापासून आकाराम तोंड भरलेलं असलं की मुडशिंगीपासून उतरेपर्यंत एक अक्षर बोलायचा नाही. सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस गाल फुगवून मुकाट बसलेला, सगळे त्याच्याशी मुद्दाम बोलायचे आणि तो हातानं खुणा करायचा. काही आठवड्यांनी वैतागून त्यानं बसमध्ये तंबाखू खाणंच सोडलं. म्हणाला, "बोलल्याबिगार आमचं चालत न्हाय."

आणि पूर्णिमा. उचगावला चढते, शहरात शिवणकामाच्या दुकानात काम करते. एका सकाळी ती थांब्यावर नाकाला स्कार्फ बांधून उभी होती. बस थांबली, संयोगिता म्हणाली, "चढ की गं." तिनं मान हलवली. "मला सर्दी झालीया. तुमी जावा, मी मागच्या गाडीनं येतो." मागची गाडी कधी येते ते तुला माहीत आहे. उशीर झाला म्हणून दुकानात तिला बोलणी बसली असणार. माझी तिच्याशी नीट ओळखही नव्हती. खिडकीतून मी तिला मागं मागं जाताना बघत होते. ती फोन काढून कुणाला तरी उशीर होईल म्हणून सांगत होती. माझ्यासाठी कुणीतरी बस सोडली, ही गोष्ट मी दिवसभर मनात घोळवत होते. पुस्तकांवर शिक्के मारताना माझे हात मध्येच थांबायचे.

म्हणून तू जेव्हा म्हणतोस की बसमुळं झालं, तेव्हा मला श्रावणातला तो ताप आठवतो आणि तुला न सांगितलेली एक गोष्ट आठवते. खोकला छातीत उतरला, मला दवाखान्यात वेगळ्या खोलीत ठेवलं. तू पुण्याहून निघाला होतास, पोचला नव्हतास. डॉक्टरांनी घरात ओल आहे का विचारलं, बाहेरचं काही खाल्लं का विचारलं, बसचंही विचारलं. कशानं झालं ते नक्की सांगता येणार नाही, म्हणाले. दुपारी नर्स आत आली आणि म्हणाली, "बाहेर एक मावशी आल्यात. मास्क देते, गाऊन देते म्हटलं, तरी आत येत नाहीत."

खोलीच्या दाराला काच होती. काचेपलीकडं तानामावशी उभी होती. अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून आलेली, केस अजून ओले. हात पदरात गुंडाळून घेतले होते, जणू ते चुकून दाराला लागतील. नर्सनं परत दार उघडून तिला बोलावलं. मला तिचा आवाज ऐकू आला, "नगं बाई. मी मातीतली मानूस. माझ्या अंगाला काय असंल नसंल. हितनंच बघते." मग म्हणाली, "तिला एवढं इचारा, आमच्या बसमुळं झालं का?"

आपल्या घरातली किती माणसं कुणाकुणाच्या दाराबाहेर उभी राहिली असतील, ते तुला मी सांगायला नको. त्यांना उभं केलेलं होतं. हिला तर कुणी अडवत नव्हतं, उलट परत परत आत बोलवत होते. आणि ती आपणहून उंबऱ्यापलीकडं थांबली होती, आपल्या अंगाचं काही माझ्या अंगाला लागू नये म्हणून. पन्हाळ्यावर धुकं उतरलं की समोरचं सगळं नाहीसं होतं आणि आपण श्वाससुद्धा हळू घेतो, तसं मला झालं. मी हात हलवून नाही म्हटलं. बसमुळं नाही. तिला ते पटलं की नाही माहीत नाही. ती बराच वेळ उभी होती. तू जिन्यानं वर आलास तेव्हा ती खाली उतरत असणार. तुम्ही एकमेकांना ओलांडून गेलात आणि दोघांनाही पत्ता नव्हता.

बरी होऊन परत बसमध्ये गेले तेव्हा कुणी गाजावाजा केला नाही. आकाराम म्हणाला, "आला व्हय राणीसाएब? बसा." खिडकीखालचे तांबडे पट्टे गेलेत. पत्रा मूळचा पिवळा आहे, हे मला तेव्हा कळलं. शहरातून बस बदलून येते कधी, ती नेहमीसारखीच मळकी असते, मग मावशी कपाळाला हात लावते आणि बादली भरायला जाते. मी अजूनही बाटली जवळ ठेवते, डॉक्टरांचं ऐकायलाच हवं. मी फवारते तेव्हा मावशीच दांडीकडं बोट दाखवते, "हितं ऱ्हायलं बघ," म्हणून.

आता तू विचारशील, एवढं सगळं का लिहिलं. तू फोनवर शेवटी जे म्हणालास त्यासाठी. पुढच्या रविवारी तू टेम्पो घेऊन येणार, माझं सामान भरणार, आणि मी कायमची पुण्याला यायचं. तू माझ्यासाठी खोली रंगवून घेतलीस, हवा शुद्ध करायचं यंत्र आणलंस, हे तू बोलला नसलास तरी तुझ्या बायकोनं मला सांगितलंय. मी त्याला नाही म्हणते आहे, प्रसेन, आणि हे नाही तुला नीट कळावं म्हणून लिहिते आहे. तुझी किडनी माझ्यात चांगली चालली आहे, परवाचे रिपोर्ट चांगले आले. ती इथं राहू शकते. तू मात्र ये. टेम्पो आणू नकोस, गाडीही आणू नकोस. स्टँडवर उतर आणि मुडशिंगीची बस धर. रविवारी दुपारी मावशी भाजी संपवून त्याच बसनं परतते. ती तुझी वाट बघते आहे, बरेच महिने झाले. मला रोज विचारते, "एका किडनीवर त्या पोराला दमाय हुतं का गं?" मी सांगते, नाही होत. तर म्हणते, "तुझं ऱ्हाऊ दे. मला त्येच्या तोंडनं ऐकायचं हाय."

तुझीच,
ताई